पॅशन फ्रूट घरी लावायचंय? वेल वाढवणं सोपंय, फळ धरणं हे खरं काम

पॅशन फ्रूट लावलेल्या माणसाची तक्रार नव्वद टक्के वेळा एकच असते, "वेल मस्त पसरलीय, फुलं पण येतात, पण फळ एकही नाही." मग लोक त्याचं उत्तर खतात शोधतात, अजून एक मूठ युरिया टाकतात, वेल अजून माजते आणि होती ती फुलंही बंद होतात. म्हणून खाली रोप आणण्यापासून फळ खाण्यापर्यंत सगळं क्रमाने लिहितोय, पण प्रत्येक टप्प्याला फळाचा विचार करून. नुसता हिरवा पडदा हवा असेल तर मनी प्लांट लावा, डोक्याला ताप कमी.

पहिलं काम: जांभळं की पिवळं ते ठरवा

आपल्याकडे मुख्य दोन प्रकार मिळतात. जांभळं फळ लहान असतं, वास जबरदस्त आणि गोडी जास्त, पण त्याला थंड हवा लागते. निलगिरी, कोडाईकनाल, कूर्ग, तिकडे ईशान्येला मणिपूर, मिझोराम, नागालँड, हा त्याचा मुलूख. आपल्यात महाबळेश्वर-पाचगणी साइडला ठीक होईल. पिवळं फळ आकाराने मोठं आणि चवीला चांगलंच आंबट, पण उकाडा आणि दमट हवा झेलतं, त्यामुळे कोकण, गोवा, मुंबई, ठाणे इथे डोळे झाकून पिवळं घ्या. तिसरा पर्याय म्हणजे कावेरी, हा जांभळ्या-पिवळ्याचा संकर आहे, कूर्गातल्या चेट्टळ्ळीच्या संशोधन केंद्रात तयार केलेला, फळ जांभळं आणि साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास भरतं. पुणे, नाशिक, कोल्हापूरवाल्यांनी कावेरी मिळाली तर ती घ्यावी, नाही मिळाली तर पिवळं.

आता इथेच ती मेख आहे जी नर्सरीवाला सांगत नाही. जांभळ्या वेलीला स्वतःचाच पराग चालतो, एक वेल लावली तरी फळ धरतं. पिवळ्या वेलीला स्वतःचा पराग चालत नाही. म्हणजे एकाच वेलीवर दोनशे फुलं आली आणि भुंगे दिवसभर फिरले तरी फळ शून्य, किंवा नावाला एखाद-दुसरं. तिला दुसऱ्या वेलीचा पराग लागतो, आणि ती दुसरी वेल खरंच वेगळी पाहिजे. शेजारच्या काकूंकडून दोन काड्या आणल्या आणि दोन्ही लावल्या तर त्या दोन वेली नाहीत, ती एकच वेल दोन ठिकाणी उभी आहे, फळाच्या हिशोबाने एकच. एक काडी काकूंकडची आणि एक रोप दुसरीकडचं, असं करा. किंवा सरळ बियांपासून तीन-चार रोपं करा, कारण बियांची रोपं एकमेकांपासून वेगळी निघतात, आणि शक्य असेल तर बियासुद्धा दोन वेगळ्या ठिकाणच्या फळांतल्या घ्या.

आणि कुणी म्हणेल की एक जांभळी आणि एक पिवळी लावू, जमेल ना? नाही जमत धड, कारण जांभळीची फुलं पहाटे उघडून दुपारपर्यंत मिटायला लागतात आणि पिवळीची तेव्हा कुठे उघडतात. दोघींची भेटच होत नाही. पिवळी लावायची तर दोन पिवळ्याच.

रोप: बी, काडी, नाहीतर नर्सरी

बियांपासून करायचं तर फळ ताजं आणि पूर्ण पिकलेलं घ्या. गर काढून वाटीत थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस आंबू द्या, मग चाळणीत चोळून धुवा म्हणजे बियांभोवतीची ती पातळ पिशवी निघते. सुकवून डबीत ठेवत बसू नका, लगेच पेरा, बी जितकी जुनी तितकी उगवायला रखडते. माती, कोकोपीट, गांडूळखत सारखं घेऊन पेरभर सुद्धा नाही, अर्धा पेर खोल टाकायची, ओल टिकवायची. दोन ते चार आठवड्यांत उगवतं. सुरुवातीची पानं साधी, अखंड असतात, तीन बोटांची पानं नंतर येतात, त्यामुळे "हे काहीतरी भलतंच उगवलं" म्हणून उपटू नका.

काडीने करायचं तर पेन्सिलीएवढ्या जाडीची, ना फार कोवळी ना फार जून, तीन-चार डोळ्यांची (डोळा म्हणजे जिथून नवी फूट येते ती गाठ) काडी घ्या, दोन डोळे मातीत जाऊ द्या, वरचं पान अर्धं कापा. सावलीत महिनाभरात मुळं धरते. काडीच्या वेलीला फळ लवकर येतं, बियांच्या वेलीला थोडं उशिरा, पण नीट वाढवली तर साधारण वर्षाच्या आसपास फुलं बघायला मिळतात.

नर्सरीतून आणत असाल तर एक सावधगिरी. शोभेचं कृष्णकमळ पॅशन फ्रूट म्हणून गळ्यात मारतात, काही वेळा मुद्दाम, काही वेळा त्यांनाच माहीत नसतं. दोघं एकाच खानदानातले आहेत त्यामुळे फूल बघून माणूस फसतो. पानं बघा: फळाच्या वेलीचं मोठं पान तीन बोटांचं, चकचकीत, कडेला बारीक दाते असलेलं असतं. पान पाच बोटांचं आणि फूल गडद जांभळं असेल तर ती शोभेची, देवाला वाहायला छान, खायला काही नाही. फळाच्या वेलीचं फूल पांढरं असतं आणि मधली झालर मुळाशी जांभळी, टोकाला पांढरी, केस कुरळे केल्यासारखी. पिवळ्या जातीच्या कोवळ्या फांदीवर आणि तणाव्यांवर सहसा लालसर-जांभळी छटा दिसते, ती खूण पण लक्षात ठेवा.

जागा आणि माती

किमान सहा तास ऊन. सावलीत वेल वाढते, फुलत नाही. विदर्भ-मराठवाड्यात मात्र मे महिन्याच्या दुपारच्या उन्हातून थोडी सावली मिळेल अशी जागा बघा, नाहीतर त्या उन्हात फुलं गळतात.

हिची मुळं वरवरच असतात, ह्या एका गोष्टीवर बाकी सगळं ठरतं. पाणी साचलं की मुळं कुजतात आणि वरची माती कोरडी पडली की लगेच ताण बसतो. जमिनीत लावताना दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात अर्धं शेणखत आणि अर्धी वरची माती, दोन मुठी निंबोळी पेंड, असेल तर थोडं ट्रायकोडर्मा (मुळं कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी). काळी चिकण माती असेल तर खड्ड्यात लावूच नका, फूटभर उंच वरंबा करा आणि त्यावर लावा. कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीत निचरा फुकट मिळतो पण ती खत धरत नाही, तिथे शेणखत सढळ हाताने. दोन वेलींत सात-आठ फुटांचं अंतर ठेवा, त्यापेक्षा जवळ लावल्या की वर नुसता गुंता होतो.

टेरेसवाल्यांसाठी: बारा इंची कुंडीत हे जमत नाही, जगेल पण फळ देणार नाही. निदान साठ लिटरची ग्रो बॅग, शक्य तर अर्धा कापलेला ड्रम, तळाला भोकं भरपूर. ओल्या मातीसकट मोठा ड्रम शंभर किलोच्या वर सहज जातो, म्हणून तो स्लॅबच्या मध्यावर न ठेवता भिंतीच्या किंवा बीमच्या कडेला ठेवा, आणि सोसायटीशी आधी बोलून घ्या, नंतर गळती कुठलीही झाली तरी नाव तुमच्या ड्रमाचंच येणारे.

लावायचं कधी? घाटावर जून-जुलैत, मिरगाचा पाऊस होऊन जमीन भिजली की. कोकण-गोव्यात धो-धो पावसात कोवळं रोप कुजतं, तिथे गणपती होऊन गेल्यावर पावसाचा जोर ओसरला की लावा.

आधार आणि वळण

वेल वर्षाला पंधरा-वीस फूट पळते, त्यामुळे सुतळीचा आधार सहा महिन्यांत खाली येतो. दोन खांब आणि डोक्याच्या उंचीवर, सहा-साडेसहा फुटांवर, ताणलेली जाड जीआय (न गंजणारी, जस्ताचा मुलामा दिलेली) तार, एवढं पुरतं. दुधी-कारल्याचा मांडव आधीच असेल तर वापरा, पण माझं मत विचाराल तर मांडवापेक्षा एका तारेची रचना बरी, कारण मांडवावर ही वेल स्वतःवरच चढत राहते, आतलं सगळं अंधारात, आणि फळ तर बाहेरच्या उन्हातल्या नव्या फुटीवरच येतं.

वळण असं द्या: रोपाचा एकच शेंडा काठीला बांधत वर न्यायचा, वाटेत बगलेतून जेवढी फूट येईल ती खुडायची, जीव कासावीस झाला तरी खुडायची. शेंडा तारेपर्यंत पोचला की तो मोडायचा, त्याच्याखालून दोन फांद्या फुटतील, एक डावीकडे एक उजवीकडे तारेवर चालवायची. त्या फांद्यांमधून ज्या खाली लोंबतात त्या फळ देणाऱ्या. त्यांना पडद्यासारखं मोकळं लोंबू द्या, उचलून परत तारेवर गुंडाळू नका, फक्त जमिनीपासून फूटभर वर छाटत राहा.

पाणी आणि खत, थोडक्यात

पाणी नियमित, थोडं थोडं. फुलं आणि लहान फळं असताना पाण्याचा खंड पडला तर फळं सुरकुतून गळतात. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं जाड आच्छादन करा, फक्त खोडाला चिकटून नको, चार बोटं लांब. आणि मुळं वर असल्यामुळे तिथे खुरपं चालवायचं नाही, तण हाताने उपटा.

खतात नत्र जास्त झालं की पानंच पानं. युरिया नको, ताजं कोंबडखत तर अजिबात नको. पावसाच्या सुरुवातीला आणि पावसानंतर एकेक घमेलं शेणखत किंवा कंपोस्ट, फुलोऱ्याच्या आधी पोटॅश, चुलीची लाकडाची राख मिळाली तर महिन्यातून मूठभर. कुंडीत असेल तर पंधरा दिवसांनी शेणपाणी किंवा जीवामृत पातळ करून. एवढं बास आहे.

फुलं आली, आता लक्ष द्या

दक्षिणेत मुख्य बहर मार्च-एप्रिलला आणि दुसरा जुलै-ऑगस्टच्या सुमाराला येतो, आपल्याकडेही थोडं मागेपुढे तसंच. थंडीत दिवस लहान झाले की फुलं कमी होतात, तेव्हा घाबरू नका.

एक फूल एकच दिवस टिकतं. पिवळ्या जातीचं फूल दुपारी बाराच्या आसपास उघडतं आणि रात्री मिटतं. म्हणजे सकाळी ऑफिसला जाताना बागेत डोकावलं तर फक्त कळ्या नाहीतर कालची मिटलेली फुलं दिसणार, आणि माणूस म्हणतो फुलंच उघडत नाहीत.

परागीकरणाचं काम करतो तो काळा मोठा भुंगा, लाकूड पोखरून राहणारा, ज्याच्या पंखांवर ऊन पडलं की निळं चमकतं. मधमाशी ह्या फुलाला लहान पडते, ती खालून पराग गोळा करून निघून जाते आणि तिची पाठ वरच्या भागाला लागतच नाही, उलट पराग कमी करून जाते. भुंगा मात्र मधाच्या वाटीत तोंड घालतो तेव्हा त्याची पाठ बरोब्बर वर घासते. त्यामुळे भुंगे घरात शिरतात म्हणून मारू नका, बागेच्या कोपऱ्यात एखादा वाळका ओंडका, जुना बांबू पडू द्या, तिथे ते घर करतात. आणि बहरात दुपारी कुठलीही फवारणी करू नका, निंबोळी अर्क सुद्धा नको, संध्याकाळी उशिरा करा.

शहरात पाचव्या-सहाव्या मजल्यावर भुंगा येईलच असं नाही. मग हाताने करायचं, आणि हे वाटतं त्यापेक्षा फार सोपंय. कृष्णकमळाची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहितीय, बाहेरच्या झालरी म्हणजे शंभर कौरव, त्यावर पाच पांडव आणि वर तीन म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश. पॅशन फ्रूटच्या फुलाची रचना तीच. ते पाच पांडव म्हणजे परागकोश, खालच्या बाजूला पिवळी पूड असते. वरचे तीन म्हणजे स्त्रीकेसर, टोकाला गोल बटणं. पांडवांची पूड त्या तीन बटणांना लावायची, काम संपलं. फक्त पिवळ्या जातीत पांडव एका वेलीचे आणि बटणं दुसऱ्या वेलीची.

वेळ महत्त्वाची. फूल उघडतं तेव्हा ती तीन बटणं वर ताठ असतात, मग तासाभरात हळूहळू खाली वाकतात आणि परागकोशांच्या पातळीला येतात. वाकल्यावर लावायचं, म्हणजे साधारण दुपारी दीड ते चार. काही फुलांत ती शेवटपर्यंत ताठच राहतात, त्यांच्या नादी लागू नका, ती धरत नाहीत. पहिल्या वेलीवरचं एक फूल तोडून घ्या, पाकळ्या काढा आणि त्याचे परागकोश सरळ दुसरीच्या बटणांवर घासा, किंवा मऊ ब्रशने, किंवा नुसत्या बोटाने. तिन्ही बटणांना लावा आणि कंजुषी करू नका, कारण आपण जो गर खातो तो प्रत्येक बीभोवतीची रसाची पिशवी असते, जितक्या बिया धरतील तितका गर, अर्धवट परागीकरण झालेलं फळ बाहेरून चांगलं दिसतं आणि आत पोकळ निघतं. "फळ आलं पण आत काहीच नाही" ह्या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच.

धरलं की नाही ते दोन-तीन दिवसांत कळतं. मिटलेल्या फुलाच्या आत हिरवी गोटी फुगायला लागली तर जमलं, देठ पिवळा पडला तर गेलं.

आणि पाऊस. पराग ओला झाला की तो फुटून वाया जातो, म्हणून जुलै-ऑगस्टच्या झडीत फुलं भरपूर आणि फळं मोजकी असं होणारच, त्यात तुमचा दोष नाही. गॅलरीत छताखाली वेल असेल तर तिथे पावसातही हाताने केलेलं धरतं, उघड्यावर असेल तर उघडीप मिळेल त्या दुपारी पटकन उरकून घ्या.

कीड आणि रोग

पानाच्या देठावर, पानाजवळ, दोन बारीक गाठी असतात, त्यातून गोड रस येतो आणि तो प्यायला मुंग्या येतात. नुसत्या मुंग्या दिसल्या म्हणून औषध मारू नका. मुंग्यांबरोबर पांढरा कापसासारखा चिकटा दिसला तर तो पिठ्या ढेकूण, तेव्हा मात्र पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा आणि निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून चार-पाच दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा मारा.

काटेरी, लालसर-तपकिरी अळ्या घोळक्याने पानं खाताना दिसतील, कृष्णकमळावर येतात त्याच. केशरी रंगाचं, संथ उडणारं फुलपाखरू वेलीभोवती घुटमळायला लागलं की पानं उलटून बघा, पिवळी अंडी पुंजक्याने असतात, ते पानच तोडून टाका. मोठ्या वेलीवर थोड्या अळ्या असल्या तर मी हात लावत नाही, फुलपाखरं होऊ देतो, पण दोन फुटांचं रोप त्या दोन दिवसांत बोडकं करतात, तिथे दया नको.

फळमाशी कोवळ्या फळाला डंख मारते, त्या जागी टणक गाठ येते किंवा फळ गळतं. मोजकी फळं असतील तर लिंबाएवढी झाल्यावर कागदी किंवा जुन्या साडीच्या कापडाची पिशवी बांधा, तेच खारी-उंदरांवरही उपयोगी.

सगळ्यात वाईट म्हणजे मर. माती ओली असूनही पूर्ण वेल दोन-चार दिवसांत मान टाकते, बुंधा कापून बघितला तर आत तपकिरी. ह्यावर औषध नाही, मुळासकट काढा आणि त्याच जागी परत जांभळी लावू नका. पिवळी जात मर रोगाला बरीच टिकते, म्हणूनच जांभळीचं कलम पिवळीच्या खुंटावर बांधतात. तसं कलम नर्सरीत मिळालं तर चार पैसे जास्त द्या.

काढणी, खाणं, छाटणी

फूल धरल्यापासून साधारण दोन ते अडीच महिन्यांनी फळ तयार होतं. तोडायचं नसतं, पिकलं की आपोआप खाली पडतं, रोज सकाळी गोळा करायचं. टेरेसवर फळ आपटून फुटतं म्हणून खाली जुनी जाळी बांधा. पडलेलं गुळगुळीत फळ लगेच कापलं तर दात आंबतील. दोन-चार दिवस टोपलीत राहू द्या, साल सुरकुतली की गोडी येते, दिसायला खराब वाटतं पण तेच खायचं. हिरवं कच्चं फळ मात्र मुलांना खाऊ देऊ नका, कच्च्या फळात आणि पानांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात.

पिवळ्याचं सरबत उत्तम होतं: गर चमच्याने काढून मिक्सरला अगदी एकदाच फिरवा, बिया फुटल्या की कडवट लागतं, गाळून त्यात दुप्पट साखर, चिमूटभर मीठ. जास्त फळं आली तर गर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा, मे महिन्यात पाहुणे आले की दोन क्यूब टाकायचे.

मोठा तोडा संपला की छाटणी. लोंबणाऱ्या ज्या फांद्यांनी फळ दिलं त्या चार-पाच डोळे ठेवून कापायच्या, वाळलेलं आणि गुंतलेलं सगळं काढायचं, तारेवरच्या दोन मुख्य फांद्यांना हात लावायचा नाही. एकदम बोडकी करू नका, जून लाकडापर्यंत कापलेली वेल पुष्कळदा परत फुटतच नाही. छाटल्यावर खत आणि पाणी द्या, त्या नव्या फुटीवर पुढचा बहर.

चौथ्या-पाचव्या वर्षी वेल थकते, फळं बारीक आणि कमी होत जातात. त्याआधीच, तिसऱ्या वर्षीच्या छाटणीत निघालेल्या काड्यांतल्या चांगल्या चार-पाच पिशवीत लावून ठेवा, आणि दोन्ही वेलींच्या काड्यांवर वेगवेगळी खूण करा, नाहीतर पुढच्या वेळी चुकून एकाच वेलीच्या दोन काड्या लावाल.